विश्लेषण : मूत्रपिंड रक्तदाब कसा वाढवते? हे सर्वप्रथम दाखवणारे रॉबर्ट टिगरस्टेट विस्मृतीत का गेले?

रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावे नीट वाचली, तर त्यातल्या बऱ्याच नावांचा शेवट ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ असा होतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल. घरातल्या आजी-आजोबांच्या डब्यात यातली एखादी गोळी हमखास सापडते. गोळी रक्तदाबाची असली, तरी ती ज्या साखळीवर घाव घालते ती सुरू होते मूत्रपिंडात. या साखळीची पहिली कडी १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोमच्या एका प्रयोगशाळेत हाती लागली. ती शोधणारे होते फिनलंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट टिगरस्टेट. आपल्या काळात ते युरोपभर नावाजलेले होते. मात्र त्यांचा हा शोध पुढची जवळपास ४० वर्षे धूळ खात पडला. खुद्द टिगरस्टेटही त्याकडे पुन्हा वळले नाहीत.

कोण होते रॉबर्ट टिगरस्टेट?

टिगरस्टेट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८५३ रोजी हेलसिंकीत झाला. तेव्हा फिनलंड हा स्वतंत्र देश नव्हता, तो रशियाच्या झारच्या साम्राज्यातला एक स्वायत्त प्रांत होता. तिथला सुशिक्षित वर्ग बहुतांशी स्वीडिश बोलणारा होता आणि टिगरस्टेट त्याच वर्गातले. हेलसिंकीत शिक्षण पूर्ण करून ते स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १८८६ मध्ये तिथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय होते ३३.

रक्ताभिसरण हा त्यांचा खास विषय. १८९३ मध्ये त्यावर त्यांचा जर्मन भाषेतला ग्रंथ आला. पाठोपाठ मानवी शरीरक्रियाशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक आले. त्याचे इतर भाषांत अनुवाद झाले आणि अनेक देशांतले वैद्यकीय विद्यार्थी ते वापरू लागले.

त्यांचे आणखी एक काम इथे सांगायला हवे. क्लास सॉन्डेन यांच्यासोबत त्यांनी एक खोलीच मोजमापाचे यंत्र बनवली होती. माणसे आत बसत, आणि खोलीतल्या हवेत त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड किती, याची नोंद होई. त्यावरून कोणत्या वयाचे, कोणते काम करणारे शरीर किती ऊर्जा खर्च करते, हे काढता येई. माणसाला जगायला किती अन्न लागते, हा प्रश्न टिगरस्टेट यांच्यासाठी आकड्यांचा होता. २० वर्षांनी याच प्रश्नाशी त्यांची गाठ एका भयंकर ठिकाणी पडणार होती.

८ नोव्हेंबर १८९६ : प्रयोग काय होता?

मूत्रपिंड आणि हृदय यांचे काहीतरी नाते आहे, हे डॉक्टरांना आधीपासून जाणवत होते. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच लिहून ठेवले होते, की मूत्रपिंडाच्या आजाराने दगावलेल्यांचे हृदय अनेकदा मोठे झालेले आढळते. कारण मात्र कळत नव्हते. रुग्णाचा रक्तदाब सहज मोजण्याची सोयही नव्हती. दंडाला बांधायच्या पट्ट्याचे यंत्र इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोची यांनी आणले, तेही याच १८९६ मध्ये.

दुसरीकडे, अवयव रक्तात काहीतरी रसायन सोडत असावेत, ही कल्पना हवेत होती. १८८९ मध्ये वयोवृद्ध शास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचा दावा केला. त्यांची खूप थट्टा झाली. पण त्यानंतर लंडनमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचला, तेव्हा रक्तदाब खरोखरच उसळला. मग खुद्द मूत्रपिंडाचा अर्क टोचला तर?

टिगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर गुस्टाफ बर्गमन यांनी ८ नोव्हेंबर १८९६ रोजी सशाचे मूत्रपिंड बारीक करून त्याचा पाण्यात अर्क काढला आणि दुसऱ्या सशाच्या मानेतल्या शिरेत सोडला. रक्तदाब चढला. अर्क थोडासाच होता, परिणाम मात्र ठळक होता.

एवढ्यावर समाधान मानले असते, तर हा शोध त्या काळच्या शेकडो अर्कांपैकी एक ठरला असता. दोघांनी पुढे जी उलटतपासणी केली ती महत्त्वाची. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर आणि आतला गाभा वेगळा करून दोन्हींचे अर्क तपासले. बाहेरच्या थराचा अर्क काम करी, गाभ्याचा नाही. अर्क उकळला की गुण नाहीसा होई. सशाचे मज्जातंतूंचे नियंत्रण तोडले तरी दाब वाढे, म्हणजे मेंदूच्या आज्ञेशिवाय थेट रक्तवाहिन्यांवर परिणाम होत होता. मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या शिरेतले रक्त दुसऱ्या सशाला दिले, तरी दाब वाढला. याचा अर्थ हा पदार्थ जिवंतपणी मूत्रपिंडातून रक्तात उतरतो. मूत्रपिंड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्याला नाव दिले, ‘रेनिन’.

१८९७ मध्ये मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत टिगरस्टेट यांनी ही माहिती मांडली. १८९८ मध्ये जवळपास ५० पानांचा जर्मन निबंध प्रसिद्ध झाला. ‘हार्मोन’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो १९०५ मध्ये आला.

मग शोध विसरला का गेला?

इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा काहींना परिणाम दिसला, काहींना नाही. रेनिन हे एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. उष्णतेने आणि रसायनांनी ते सहज बिघडते. ताजे मूत्रपिंड, थंड पाणी आणि बाहेरचा थर ही पथ्ये पाळली नाहीत, तर हाती काही लागत नाही. शिवाय त्या काळात कोणत्याही अवयवाचा अर्क टोचला, तर अशुद्धतेमुळे दाब वरखाली होई. त्यामुळे रेनिनही त्यातलेच एक, असा समज झाला. टिगरस्टेट यांनी त्यासाठी वाद घातला नाही. बहुधा त्यांना स्वतःलाच या शोधाची किंमत कळली नव्हती.

त्यांच्याकडे इतर कामेही भरपूर होती. नोबेल पारितोषिकाची सुरुवात होत होती आणि वैद्यकाचे पारितोषिक कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट ठरवणार होती. १९०१ मध्ये टिगरस्टेट आणि त्यांचे सहकारी योहान्सन सेंट पीटर्सबर्गला जाऊन इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या पचनावरच्या प्रयोगांची पाहणी करून आले. पाव्हलॉव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळाले. तोवर टिगरस्टेट हेलसिंकीला परतून तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. रेनिन स्टॉकहोममध्येच राहिले.

१९१८ : कैद्यांच्या छावणीत

डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाले आणि दोन महिन्यांच्या आतच तिथे ‘लाल’ आणि ‘पांढरे’ असे यादवी युद्ध पेटले. पांढरे जिंकले. हजारो लाल कैदी छावण्यांत कोंबले गेले. त्यातली तम्मिसारी ही सर्वाधिक बदनाम छावणी. १९१८ च्या उन्हाळ्यात तिथे भुकेने आणि रोगराईने जवळपास ३ हजार माणसे दगावली.

या मृत्यूंची कारणे तपासण्याचे काम टिगरस्टेट यांनी केले. ते तेव्हा ६५ वर्षांचे होते. शरीराला किती अन्न लागते हे मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्यामुळे छावणीतल्या शिध्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांचा अहवाल बाहेर फुटला आणि स्वीडनच्या वृत्तपत्रात छापून आला. नव्या सरकारची परदेशात नाचक्की झाली आणि छावण्यांची स्थिती सुधारण्यासाठी दबाव वाढला. टिगरस्टेट ज्या वर्गातले, तो वर्ग बहुतांशी जिंकलेल्या बाजूचा होता, हे लक्षात घेतले तर या अहवालाचे वजन कळते.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. २ डिसेंबर १९२३ रोजी हेलसिंकीत त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा कार्ल हाही शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला. वडिलांच्या हयातीत रेनिनला काही दिवस बरे आले नाहीत.

रेनिन पुन्हा कसे सापडले?

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चांदीच्या चिमट्याने थोडीशी आवळली. रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. रक्त कमी मिळालेले मूत्रपिंड काहीतरी सोडते, हे उघड झाले आणि संशोधकांना जुना निबंध आठवला. १९३८ मध्ये लंडनमध्ये पिकरिंग आणि प्रिंझमेटल यांनी टिगरस्टेट यांचा प्रयोग पुन्हा करून दाखवला. या वेळी तो सिद्ध झाला.

लवकरच आणखी एक गोष्ट कळली. रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. ते कात्रीसारखे काम करते. यकृतातून आलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा छोटा तुकडा ते कापते आणि खरी करामत त्या तुकड्यापासून बनणाऱ्या हार्मोनची असते. अमेरिकेत आयर्विन पेज यांच्या गटाने आणि अर्जेंटिनात एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस यांच्या गटाने हे एकाच सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. एकाने त्याला म्हटले अँजिओटोनिन, दुसऱ्याने हायपरटेन्सिन. दोन्ही नावे सुमारे दीड तप समांतर चालली. अखेर १९५८ मध्ये दोघांनी तडजोड जाहीर केली. एकाच्या नावाचे डोके, दुसऱ्याच्या नावाचे शेपूट. अँजिओटेन्सिन. विज्ञानातली भांडणे इतक्या सामोपचाराने क्वचितच मिटतात.

मूत्रपिंडात नेमके काय घडते?

दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्क्याच्या आसपास. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त तिकडे जाते, मिनिटाला लिटरभराहून अधिक. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळा परत घेतला जातो.

गाळण्याचे काम केशवाहिन्यांच्या बारीक गुंत्यात होते. या गुंत्याला आत येणारी एक नळी आणि बाहेर जाणारी एक नळी असते, दोन्हींना आपापला व्हॉल्व्ह. सोसायटीच्या टाकीत पाणी कमी दाबाने येऊ लागले, की बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून आतला दाब टिकवता येतो. मूत्रपिंड हेच करते. जुलाब, उलट्या, रक्तस्राव यामुळे दाब घसरला किंवा नळ्यांमधले मीठ कमी झाले, की आत येणाऱ्या नळीच्या भिंतीतल्या पेशी रेनिन सोडतात. मज्जातंतूंकडूनही त्यांना इशारा मिळतो, तो त्यांच्यावरच्या ‘बीटा-१’ या रिसेप्टरमार्फत.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचे ग्राहक प्रथिन. हार्मोन ही किल्ली मानली तर रिसेप्टर हे कुलूप. रक्तात किल्ल्या कितीही फिरोत, ज्या पेशीवर कुलूप आहे तिथेच दार उघडते. अँजिओटेन्सिनचे मुख्य कुलूप ‘एटी-१’. ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर असते, अधिवृक्क ग्रंथीवर असते आणि मूत्रपिंडाच्या नळ्यांवरही असते. किल्ली बसली की रक्तवाहिन्या आवळतात, मीठ आणि पाणी शरीरात राखले जाते, तहान लागते. मूत्रपिंडात आत येणाऱ्या नळीपेक्षा बाहेर जाणारी नळी जास्त आवळते. त्यामुळे एकूण रक्त कमी आले तरी गाळणी चालू राहते.

त्याच हार्मोनसाठी दुसरे कुलूपही आहे, ‘एटी-२’. ते साधारणपणे उलट काम करते, वाहिन्या सैल करते. प्रौढ शरीरात त्याचे प्रमाण कमी असते. म्हणजे हार्मोन एकच, पण कोणत्या पेशीवर कोणते रिसेप्टर किती आहेत यावर परिणाम ठरतो. टिगरस्टेट यांना सशाच्या रक्तदाबाचा चढता आलेख दिसला, त्यामागे ही सगळी वाटणी होती.

ऑक्सिजनचा यात काय संबंध?

इथे खरी मेख आहे. मूत्रपिंडाला भरपूर रक्त मिळते खरे, पण ते सगळीकडे सारखे पोहोचत नाही. बहुतेक रक्त बाहेरच्या थरात फिरते. आतल्या गाभ्याला थोडेच मिळते आणि तेही गाळणीतून पुढे गेलेले. बाहेरच्या थरात ऑक्सिजनचा दाब साधारण ५० मिलिमीटर असतो, तर खोल गाभ्यात १० ते २०. निरोगी माणसातही मूत्रपिंडाचा गाभा कायम टंचाईत जगतो.

आणि खर्च? गाळलेले मीठ परत ओढून घेणाऱ्या पंपांवर मूत्रपिंडाच्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग खर्च होतो. अँजिओटेन्सिन बाहेरची नळी आवळते, तेव्हा पुढच्या भागाचा रक्तपुरवठा आटतो. शिवाय तेच हार्मोन एटी-१ मार्फत नळ्यांना आणखी मीठ ओढायला लावते. आवक कमी आणि खर्च वाढलेला, असा हा हिशेब होतो. संकट काही तासांचे असेल तर शरीर हे निभावून नेते. प्रोस्टाग्लँडिन, नायट्रिक ऑक्साइड अशी स्थानिक रसायने वाहिन्या सैल करून तोल सांभाळतात. पण मधुमेह किंवा जुन्या मूत्रपिंडविकारात ही साखळी वर्षानुवर्षे चालू राहते. गाळणीवर जादा दाब, गाभ्याला कमी ऑक्सिजन, आणि हळूहळू तिथे व्रणासारखे तंतू तयार होऊ लागतात.

गंमत अशी, की शरीरातली ऑक्सिजनची कमतरता ओळखून लाल पेशी वाढवण्याचा आदेशही मूत्रपिंडच देते, एरिथ्रोपोएटिन या हार्मोनमार्फत. म्हणून मूत्रपिंड निकामी होऊ लागले की रक्तक्षयही मागोमाग येतो.

गोळ्या कुठे काम करतात?

‘प्रिल’ गटाचा उगम ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापापाशी आहे. त्याच्या विषातल्या घटकांवर सर्जिओ फेरेरा यांनी काम केले. त्यातून अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या विकराला रोखण्याचा मार्ग सापडला आणि १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल अमेरिकेत मंजूर झाले. ‘सार्टन’ गट त्यापुढचा. तो अँजिओटेन्सिन बनू देतो, पण एटी-१ या कुलपाचे भोकच बुजवतो. पहिली गोळी लोसार्टन, १९९५. थेट रेनिनलाच रोखणारे अलिस्किरेन २००७ मध्ये आले, टिगरस्टेट यांच्या निबंधानंतर तब्बल १०९ वर्षांनी.

या गोळ्या केवळ रक्तदाब उतरवत नाहीत. मधुमेही रुग्णांत मूत्रपिंड निकामी होण्याचा वेग त्या कमी करतात, हे १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलच्या आणि २००१ मध्ये लोसार्टन व इर्बेसार्टनच्या मोठ्या चाचण्यांत दिसले. बाहेरचा व्हॉल्व्ह सैल झाल्याने गाळणीवरचा ताण उतरतो. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसू शकते. तो आकडा पाहून अनेक जण घाबरून गोळी परस्पर बंद करतात. वाढ थोडी असेल तर ती अपेक्षित असते. किती म्हणजे थोडी, हे डॉक्टर तपासणी पाहून ठरवतात.

काय लक्षात ठेवावे?

जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल, तेव्हा मूत्रपिंडाला बाहेरचा व्हॉल्व्ह आवळण्याची गरज असते आणि नेमकी तीच वाट या गोळ्यांनी अडवलेली असते. सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले, तर प्रोस्टाग्लँडिनची मदतही तुटते. रक्तपुरवठा सैल ठेवणारे आणि दाब टिकवणारे असे दोन्ही मार्ग एकदम बंद होतात. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याची ही ठरलेली वाट आहे. त्यामुळे अशा आजारपणात गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे आणि वेदनाशामक औषध दुकानातून परस्पर घेऊ नये. रक्तातले पोटॅशियम वाढण्याचा धोकाही असल्याने ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत.

गरोदरपणात या दोन्ही गटांच्या गोळ्या चालत नाहीत. पोटातल्या बाळाचे मूत्रपिंड घडण्यासाठी आणि चालण्यासाठी हीच साखळी लागते. गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टर आधीच दुसरे औषध लिहून देतात.